अंगठ्यांचा इतिहास

१

मराठवाड्यातल्या आपल्या चळवळीवर आजवर जे छापून आलंय ते हातात घ्या आणि वाचा. परिषदा सापडतील, मोर्चे सापडतील. अध्यक्ष कोण होता, ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं, गट कुणी फोडला, सगळं सापडंल. आणि मग शेवटच्या पानाआधी कुठंतरी एक ओळ येते : 'या लढ्यात महिलांचाही सहभाग लक्षणीय होता.' बस्स. पुढं पूर्णविराम.

लक्षणीय होता म्हणजे किती होता? कुठल्या बाया? मोर्चाला आल्या तेव्हा लेकरं कुणापाशी ठेवून आल्या? त्या दिवसाची मजुरी बुडाली ती कुणी भरून दिली? भाकरी कुणाच्या पिठाच्या होत्या? याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात न्हाई. कारण इतिहास लिहिणारा मंचावरून खाली बघत होता. त्याला डोक्यावरचे पदर दिसले, पदराखालची माणसं दिसली न्हाईत.

मी लातूरच्या एका दाळमिलमध्ये कामाला आहे. दहावीनंतर शाळा सुटली, पुढचं शिक्षण विहारातल्या कपाटानं केलं. जन्म नांदेड जिल्ह्यातल्या एका गावातला, पोटासाठी घर लातूरला आलं. माझी आजी तिकडच्या महिला मंडळात होती, माय इकडच्या मंडळात आहे. म्हणून इतिहास म्हटलं की मला आधी ही मंडळं दिसतात. बहुतेकांचं नाव एकच, माता रमाईचं. नोंदणी असली तर असली, नसली तर नसली. कार्यालय म्हणजे विहार, आणि विहार बांधला नव्हता तेव्हा समाजमंदिराचा ओटा. मालमत्ता म्हणजे एक पत्र्याची पेटी, एक सतरंजी आणि एक वही.

माझं म्हणणं सरळ आहे. चळवळ मोर्चाच्या दिवशी दिसते, पण टिकते ती दोन मोर्चांच्या मधल्या दिवसांत. मराठवाड्यात ते मधले दिवस आमच्या आयांच्या मंडळांनी चालवले. याला 'सहभाग' म्हणून भागणार न्हाई.

२

ही मंडळं आभाळातून पडली नाहीत. त्यांच्या मागं मोठी वाट आहे.

१४ जानेवारी १८५२ ला पुण्यात सावित्रीबाईंनी महिला सेवा मंडळाच्या वतीनं तिळगुळाचा कार्यक्रम ठेवला आणि निमंत्रणातच सांगितलं, की सगळ्या जातींच्या बायांना एकाच जाजमावर बसवलं जाईल. त्या काळात जाजम ही केवढी मोठी गोष्ट होती, हे ज्यांना कधी कुणी जाजमावरून उठवलं न्हाई त्यांना कळणार न्हाई. तीनच वर्षांनी, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आपल्या साहित्याची सुरुवात शोधणाऱ्यांनी आधी या पोरीपुढं मान लववावी.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब बायांशी वेगळे बोलले. लुगडं कसं नेसा, अंगावर जात ओळखू येईल असे दागिने घालू नका, मेलेल्या जनावराचं मांस घरात आणू देऊ नका, पोरींना शिकवा. काहींना ही साधी बाईमाणसाची गोष्ट वाटते. मला वाटतं, जातीची खूण अंगावरून उतरवायचं काम त्यांनी बायांच्या हवाली केलं, कारण घराच्या चुलीवर आणि अंगाच्या कापडावर ताबा तिचाच होता.

मग २० जुलै १९४२. नागपूर. अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार बाया जमल्या. समाज किती पुढं गेला हे आपण बायांच्या प्रगतीवरून मोजतो, असं बाबासाहेबांनी तिथं सांगितलं. हे वाक्य आज प्रत्येक बॅनरवर असतं. बॅनर लावणारं मंडळ मात्र सगळं पुरुषांचं असतं.

आणि तेव्हा आमचा मराठवाडा कुठं होता? निजामाच्या राज्यात. तिकडं मुंबई इलाख्यात शाळा-सभा चालायच्या, इकडं वेठबिगार चालायची. तरी हाक पोचली. ३० डिसेंबर १९३८ ला कन्नडजवळ मक्रणपूरला परिषद झाली. फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब कसबे तडवळ्याला आले, महार-मांग वतनदारांच्या परिषदेला. तडवळं लातूरहून लांब न्हाई. लातूर जिल्हा तर १९८२ साली झाला, तोवर आपण सगळे उस्मानाबादचेच. आमच्याकडची म्हातारी माणसं तडवळ्याचं नाव पंढरपूरसारखं घेत.

सप्टेंबर १९४८ ला निजाम गेला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली, आणि महिना-दोन महिन्यांत ६ डिसेंबर आला. बाप गेला. आता मागं उरलेल्यांनी काय करायचं?

इथं खरं काम सुरू झालं आणि ते घराघरांत झालं. दीक्षा मैदानावर घेता येते, पण देव्हारा घरात असतो. मरीआई, खंडोबा, म्हसोबा टोपल्यात घालून नदीला नेणारी बाईच होती. तिच्याच सासूनं ते देव पुजले होते. लेकरू आजारी पडलं की शेजारीण म्हणायची, देव टाकलाव म्हणून असं झालं. त्या भीतीपुढं एकटी बाई टिकत न्हाई. दहाजणी एकत्र बसल्या तर टिकते. माझ्या आजीच्या गावचं मंडळ असंच सुरू झालं, ठराव-बिराव काही न्हाई. आजी सांगायची, "एकमेकीचं भ्याव काढाया बसत व्हतो माय."

त्याआधी बाया कुठं भेटायच्या? जात्यावर, पाणवठ्यावर, रानात खुरपताना. जात्यावर त्यांनी रामाच्या, विठ्ठलाच्या ओव्या गायल्या होत्या. त्याच चालीत आता भीम आला, रमा आली, बुद्ध आला. बीड जिल्ह्यात माजलगावला १९९६ साली अशा ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्यात आपल्या बायांच्या या ओव्या आहेत. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनी बाबासाहेबांचं चरित्र गळ्यात सांभाळलं.

३

आता मंडळ रोज काय करतं ते सांगतो. मोठ्या इतिहासकारांना यात इतिहास दिसणार न्हाई. तुम्हाला दिसावा.

बैठक रविवारी रात्री. आठ म्हटलं तरी साडेआठ होतात, कारण भांडी घासल्याबिगर कुणी निघत न्हाई. मिलमध्ये दाळ निवडणाऱ्या, धुणंभांडी करणाऱ्या, बांधकामावर माती वाहणाऱ्या बाया. दिवसभर उभ्या राहिलेल्या बाया सतरंजीवर बसल्या की आधी पाय लांब करतात. मग त्रिसरण-पंचशील होतं. मग वही निघते.

वहीत हजेरी. आजीच्या काळातल्या वहीत नुसते अंगठे होते, निळ्या शाईचे, काही पुसट, काही अर्ध्या पानावर पसरलेले. मधे मधे सह्या येऊ लागल्या, मोठ्या थरथरत्या अक्षरांत. आज मायच्या मंडळाच्या वहीत बावीस नावं आहेत आणि तीनच अंगठे. ही वही मी उलटतो तेव्हा मला साक्षरतेची सगळी मोहीम तिच्यात दिसते. तिचा अहवाल कुणी लिहिला न्हाई.

मग वर्गणी. एका काळी महिन्याला दोन रुपये होते. बावीस जणींचे चव्वेचाळीस. त्या चव्वेचाळीस रुपयांतून पहिल्यांदा सतरंजी आली. मग मोठं पातेलं, परात, वगराळं, पाण्याचा पिंप. वस्तीत लग्न निघालं की भांडी गावातल्या मोठ्या घरून मागून आणायची चाल होती. तिथं ती दुरून मिळायची, आणि परत देताना धुवून, उन्हात ठेवून, पुन्हा बोलणी खाऊन द्यावी लागायची. मंडळाचं पातेलं आलं आणि तो दरवाजा कायमचा बंद झाला. स्वाभिमान हा शब्द आपण भाषणात वापरतो. आमच्या वस्तीत तो आधी पातेल्याच्या रूपानं आला, आणि तो बायांच्या दोन-दोन रुपयांचा होता.

पेटीला दोन कुलपं, किल्ल्या दोघींकडं. एकीच्या नवऱ्यानं मारून-मुटकून किल्ली घेतली तरी पेटी उघडू नये म्हणून ही शक्कल. हे बँकेच्या साहेबानं शिकवलं नव्हतं.

७ फेब्रुवारीला रमाईची जयंती, १४ एप्रिलला बाबासाहेबांची, वैशाखात बुद्धपौर्णिमा, १ ऑगस्टला अण्णा भाऊंची. आमच्या वस्तीत मातंगांची घरं आहेत. त्यांच्या बाया मंडळात आहेत. पुरुषांच्या दोन समित्या दोन तोंडांनी बसतात, बाया मात्र त्याच सतरंजीवर. जयंतीला निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्या नेसून ओळ लागते तेव्हा पेपरवाले फोटो काढतात. त्या साडीसाठी चार महिने पैसे बाजूला ठेवलेले असतात, हे फोटोत येत न्हाई.

आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने वर्षावास. रोज रात्री 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचायचा. वाचणारी बहुतेक आठवी-नववीतली पोरगी. ती अडखळली की म्हातारी पुढचं सांगते, कारण तिनं तो ग्रंथ वीस वर्षं ऐकलाय. आणि मग चर्चा होते. विद्यापीठातला परिसंवाद मी पाहिला न्हाई, पण ही चर्चा पाहिलीय.

एक प्रसंग सांगतो. २०१६ साल. लातूरला पाणी नव्हतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं, एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पाण्याच्या गाडीचे फोटो जगभर गेले. आमच्या गल्लीत टँकर यायचा तेव्हा मंडळाच्या बायांनी वहीत नंबर लावले होते. घरटी चार घागरी, बाळंतीण असेल तिला आधी, एकट्या म्हातारीची घागर पोरांनी पोचवायची. दोनदा मारामाऱ्या होता होता राहिल्या. मग पावसाळ्यात वर्षावास आला आणि सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा भाग निघाला. बाबासाहेबांनी तो कसा सांगितलाय हे तुम्हाला माहीत आहे. शाक्य आणि कोलियांचं रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण, संघ लढाई करायला निघालेला, सिद्धार्थाचा युद्धाला विरोध, आणि त्या विरोधापायी घर सोडणं. पोरगी वाचत होती. एक बाई मधीच म्हणाली, "थांब माय. म्हंजी पाण्यासाठीच की. हे तं आपल्या टँकरचंच हाये." सगळ्या हसल्या. मग दुसरीनं विचारलं, "आन् यशोधरेला इचारलं का त्यानं?" पोरीनं पुढं वाचलं. यशोधरा खंबीरपणे होकार देते, तो भाग आला. तरी त्या बाईचं समाधान झालं न्हाई. ती म्हणाली, "व्हय म्हनली खरं, पर लेकरू तिलाच संभाळावं लागलं." त्यावर रात्री अकरापर्यंत बोलणं चाललं. धम्म घरात मुरतो तो असा. विचारून, भांडून.

याशिवाय जे काही येईल ते. दारू पिऊन मारणाऱ्याच्या दारात जाऊन पाच-सहाजणी बसायच्या, बोलायच्या न्हाईत, नुसत्या बसायच्या. अडलेल्या बाईला रात्री सरकारी दवाखान्यात न्यायचं. मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत न्हाई, तिथं पाळीपाळीनं पिठलं-भाकरी द्यायची. पोरगी शाळेतून काढली असं कानावर आलं की तिच्या मायला गाठायचं : "काऊन काढलालाव? फीचे पैसे न्हाईत का बुद्धी न्हाई?" पैसे नसले तर पेटीतून द्यायचे. आमच्या गल्लीतल्या नर्स झालेल्या दोन पोरींची बारावीची फी त्या पेटीतली आहे. वहीत लिहिलेलं आहे. तारीख आहे.

४

मोठ्या घटना आल्या तेव्हा ही मंडळं कुठं होती ते आता बघू.

१९७२ चा दुष्काळ. खाण्याला परदेशातून आलेला लाल मिलो, लेकरांना सुकडी. कामाला खडी. आजीचे हात मी पाहिलेत, बोटांची पेरं वाकडी झाली होती. खडीच्या कामावर बाया फार होत्या. मुकादम हजेरी खायचा, दोन दिवस भरले की एक लावायचा. आजीच्या गटातल्या बाया घरी आल्यावर कोळशानं भिंतीवर रेघा मारायच्या आणि आठवड्याला मुकादमापुढं एकत्र जायच्या. पुढं रोजगार हमीचा कायदा १९७७ ला झाला, १९७९ पासून लागू झाला. बाईला आणि माणसाला मजुरी सारखी, असं त्यात आलं. हा कायदा विधानसभेत झाला हे खरं. त्याची गरज त्या भिंतींवर आधीच लिहिलेली होती.

२७ जुलै १९७८. विधिमंडळात नामांतराचा ठराव पास झाला आणि मराठवाडा पेटला. पेटला म्हणजे आमची घरं पेटली. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे मारले गेले. हे नाव तुम्हाला पाठ आहे, असायलाच हवं. पण घर जळतं तेव्हा काय जळतं? ज्वारीची कणगी, वाकळा, डबे, लुगडी, मंडळाची पेटी. पंचनाम्यात घर पुरुषाच्या नावावर लागतं, आत जळालं ते बाईनं जमवलेलं असतं. आमचं घर जळालं न्हाई. पण शेजारगावची माणसं रात्री आमच्या वस्तीत आली, तेव्हा मंडळाच्या बायांनी आठ दिवस त्यांची चूल चालवली. आजी म्हणायची, "त्या आठ दिसांत कोणाच्या घरी किती पीठ हाये हे कोणी झाकलं न्हाई." पुढं पुरुष पांगले. कुणी पोलीस ठाण्यात, कुणी शहरात काम शोधत. गावच्या रानात मजुरी बंद. तेव्हा दहा मैल चालत दुसऱ्या गावी खुरपायला जाणं आणि तरी गाव न सोडणं, हा बहिष्काराला दिलेला जबाब कुणाचा होता?

नोव्हेंबर १९७९ मध्ये नागपूरहून जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला. तुरुंग भरले. वर्षं गेली. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. आणि १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. सोळा वर्षं. ज्या तारखेला सावित्रीबाईंनी जाजम टाकलं होतं तीच ही तारीख.

त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं, आणि नांदेड-लातूरची कॉलेजं तिकडं गेली. आमच्या मंडळातली एक मावशी लेकाचा पदवीचा कागद हातात घेऊन अजून विचारते, "ज्या जिल्ह्यात माणसं मेली त्याच जिल्ह्याच्या कागदावर ते नाव न्हाई, हे कसं?" तिला वाचता येत न्हाई. प्रश्न मात्र येतो.

५

लातूरचा म्हणून एक धडा आहे, तो आपण नीट शिकलो न्हाई.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या आत. आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं झोपली होती. किल्लारी आणि भोवतालची गावं गेली. जवळजवळ आठ हजार माणसं मेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं.

मग पुनर्वसन. घरं तीन मापांची ठरली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीनवाल्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चौरस फूट. सात हेक्टरच्या वर ७५० चौरस फूट. पुष्कळ नव्या गावांत घरांच्या ओळीही याच गटांप्रमाणे पडल्या. धरणीनं जमीन बघून मारलं नव्हतं, सरकारनं मात्र जमीन बघून घर दिलं. भूमिहीन कोण, हे तुम्हाला सांगायची गरज न्हाई. जुना महारवाडा-मांगवाडा नव्या नकाशात २५० चौरस फुटांचा होऊन आला.

पण त्याच पुनर्वसनात दुसरीही गोष्ट घडली. जी गावं पूर्ण पडली नव्हती, भिंती तडकल्या होत्या, अशा हजाराहून जास्त गावांत घरदुरुस्ती आणि मजबुतीकरणाचं काम निघालं. त्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया 'संवाद सहाय्यक' म्हणून नेमल्या गेल्या. सरकार आणि घरमालक यांच्या मधे बाया. पैशाचा हप्ता कधी येणार, कुठला कागद लागतो, भिंतीत आरपार लांब दगड का घालायचा, दारा-खिडकीवरून पट्टा का फिरवायचा, हे त्यांनी शिकून घेतलं आणि गवंड्याला उभं राहून विचारलं. चुलीपासचं माणूस बांधकामावर देखरेख करतंय हे गावानं पहिल्यांदा पाहिलं. मंडळ म्हणजे आरती-हळदीकुंकू एवढंच समजणाऱ्या गावांनाही तेव्हा कळलं, की बायांची बैठक गाव उभं करू शकते.

या दोन गोष्टी एकत्र ठेवून बघा. बाईला भिंतीचा हिशोब कळला. पण भिंत कुणाची किती लांब, हे ठरवायला तिला कुणी बोलावलं न्हाई. ते जमिनीनं आधीच ठरवलं होतं. म्हणून नुसतं बायांना कामात घेतलं की झालं, असं म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. कामात घेतात. ठरवताना घेत न्हाईत.

६

आता आजचं.

महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ साली निघालं. १९९२ पासून नाबार्डनं बचत गट बँकेला जोडायला सुरुवात केली. २०११ पासून 'उमेद' आलं. दहा ते वीस बायांचा गट, बचत, अंतर्गत कर्ज, बँकेचं कर्ज. यात चांगलं आहे ते मी नाकारत न्हाई. सावकाराच्या ओट्यावर उभी राहणारी माझी माय बँकेत खुर्चीवर बसली. शेळी आली, शिलाई मशीन आलं, एका मावशीनं पापड-शेवयांचं काम काढलं. स्वतःच्या नावाचं खातं ही लहान गोष्ट न्हवं.

पण बारकाईनं बघा. गट आला आणि पुष्कळ ठिकाणी मंडळ गेलं. वही तीच राहिली, आतला मजकूर बदलला. आधी हजेरी, वाचन, कुणाची पोरगी शाळेत जात न्हाई, कोण आजारी आहे. आता नुसते आकडे. बैठक पंधरा मिनिटांत संपते, आणि तिच्यात 'हप्ता' हा एकच शब्द असतो.

त्यात मागून खासगी कर्जकंपन्या आल्या. त्यांचा पोरगा सकाळी मोटारसायकलवर येतो, पाच-दहाजणींना एकत्र बसवतो, आणि एकीनं हप्ता चुकवला तर बाकीच्यांना उठू देत न्हाई. नांदेडच्या शिवेपलीकडं, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, या कर्जापायी बायांनी जीव दिले. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या सरकारला त्यावर अध्यादेश आणावा लागला. शेजारच्या घराला लागलेल्या आगीतून आपण काय शिकलो?

आमच्या गल्लीत काय झालं ते सांगतो. अशीच एक कंपनी आली आणि वसुली विहारात बसू लागली, कारण जागा सोयीची. एक बाई, मंडळाची जुनी सभासद, नवरा आजारी म्हणून दोन हप्ते थकली. तिला त्याच सतरंजीवर दुपारपर्यंत बसवून ठेवलं, आणि बसवलं कुणी, तर तिच्याच मैत्रिणींनी. त्यांनाही मजुरीला जायचं होतं. पुढच्या रविवारपासून ती बाई वंदनेला यायची थांबली. ज्या सतरंजीवर ती भीती काढायला बसत होती तीच सतरंजी तिला भीती दाखवू लागली.

तीन रविवार ती आली न्हाई. चौथ्या रविवारी मंडळानं विषय घेतला. मोठं भांडण झालं. कोणी म्हणालं, कर्ज घेतलं तर फेडावंच लागंल. कोणी म्हणालं, फेडावं, पर बुद्धापुढं वसुली कशाला? शेवटी तीन गोष्टी ठरल्या आणि वहीत लिहिल्या. एक, कुठल्याही कर्जाची वसुली विहारात होणार न्हाई. दोन, हप्ता चुकला म्हणून कुणाला मंडळात खाली बघायला लावायचं न्हाई. तीन, पेटीतून त्या बाईचा एक हप्ता भरायचा, दुसरा तिनं सवडीनं भरायचा. मग दोघी तिच्या घरी गेल्या आणि तिला हाताला धरून आणलं. ठरावाखाली एकोणीस सह्या आणि तीन अंगठे आहेत. बावीसच्या बावीस. तीही त्यात आहे.

मला विचाराल तर गेल्या दहा वर्षांत आमच्या वस्तीत झालेला सगळ्यात राजकीय ठराव हा आहे. त्या दिवशी चौकात एका नेत्याचा वाढदिवस होता. पेपरात तो आला.

७

दोस्तहो, आता आपल्याकडं काय काम आहे?

१९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' आलं. बाबासाहेबांच्या चळवळीतल्या बाया कुठं कुठं आहेत हे शोधत त्या घरोघर फिरल्या, म्हाताऱ्या बायांपुढं बसल्या, विचारलं आणि लिहून घेतलं. त्यांनी तसं केलं नसतं तर कित्येक नावं मातीत गेली असती. नांदेड-लातूरसाठी हे काम आपल्याला करायचं आहे. त्यासाठी पीएचडी लागत न्हाई. एक वही, एक पेन आणि म्हातारीजवळ दोन तास बसायची तयारी लागते.

आपल्या वस्तीतल्या मंडळाची जुनी वही कुठं आहे ते विचारा. ती कुणाच्या तरी माळ्यावर असंल, वाळवी लागत असंल. मोबाइलवर पानन् पान फोटो काढा. अंगठ्यापुढं नाव नसंल तर आज सत्तरीत असलेल्या बाईला विचारून नाव लिहा, पूर्ण नाव, माहेरच्या गावासकट. अमक्याची बायको, तमक्याची माय असं लिहू नका. देव कधी टाकले, कुणी टाकले, घरच्यांनी काय म्हटलं ते विचारा. बहात्तरला कुठल्या कामावर होत्या, मजुरी काय मिळाली. अठ्ठ्याहत्तरला कुठं होत्या, काय जळालं, कुणी आसरा दिला. पहिली सही कधी केली. पेटीतून पहिला पैसा कशासाठी निघाला. हे सगळं विचारा, आणि त्या ज्या शब्दांत सांगतील त्याच शब्दांत उतरवा. शुद्ध करू नका.

आणि दुसरं, याहून अवघड. जयंतीच्या समितीत हिशोब बायांच्या हाती द्या. दोन कुलपांची पेटी त्यांना चालवता येते हे सिद्ध झालंय, आपल्या पावतीपुस्तकाचं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. मंचावर त्यांना सत्काराला बोलावू नका, बोलायला बोलवा. विषय 'महिला आणि आंबेडकर' एवढाच ठेवू नका. पाण्यावर, जमिनीवर, कर्जावर, विद्यापीठावर बोलू द्या. आणि त्या बोलत असताना पुढच्या जेवणाची भाजी कोण चिरतंय तेही बघा. ती सुरी आपल्या हातात आली पाहिजे.

माझी दुसरी पाळी चारला सुरू होते. मिलमध्ये तुरीची दाळ होते तेव्हा चुनी बाजूला पडते, भुसकट उडून जातं, चकचकीत दाळ कट्ट्यात भरून बाजारात जाते. आपला इतिहासही आजवर असाच भरडला गेला. पण ढोरं जगतात ती चुनीवर, हे गावाकडच्या माणसाला सांगावं लागत न्हाई. कट्टा पुष्कळ झाला. आता खाली काय सांडलंय ते सुपात घ्या.

पुढच्या अंकासाठी प्रत्येकानं आपल्या वस्तीतल्या एका मंडळाची माहिती लिहून आणावी. सभासदांची सगळी नावं पाहिजेत.

जय भीम.